कुंपणात कोण उभं आहे

९ सप्टेंबर

प्रिय आत्या,

शेवट आधी सांगते, म्हणजे तुझा जीव टांगणीला लागणार नाही. पोरगी बरी आहे. आता पहिल्यापासून.

माझ्या पाळणाघरात अडीच वर्षांची एक मुलगी येते. जमिनीवर पडलेला कण न् कण उचलून तोंडात घालते, म्हणून आम्ही तिला मुंगी म्हणतो. काल दुपारी मुलं मागच्या अंगणात खेळत होती. मी एकाचं नाक पुसून मान वर केली, तर मुंगी घराकडच्या टोकाला कुंपणाला टेकून बसलेली. ओठ, हनुवटी, तळवे, सगळं काळंजांभळं. कुंपणाच्या झुडपांना सध्या काळी फळं आली आहेत, मिऱ्यांपेक्षा जरा मोठी. मुठीत थोडी होती. पोटात किती गेली होती ते तिलाच माहीत, आणि तिला अजून मोजता येत नाही.

तिला उचललं आणि तशीच धावत सुटले. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कुठलं झाड?"

मी म्हटलं, "कुंपणाचं."

"बाई, कुंपण हे झाडाचं नाव नाही."

आत्या, जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. जन्मभर उद्यानातल्या झाडांना नावाच्या पाट्या लावणाऱ्या बाईची मी भाची. वर्षभर त्या झुडपांच्या सावलीत मुलं खेळवली आणि त्यांचं नाव विचारावं असं एकदाही मनात आलं नाही.

मुंगीची आई त्याच दवाखान्यात वरच्या मजल्यावर परिचारिका आहे. ती गणवेशातच जिना उतरून धावत आली. मला ओलांडून तिनं मुंगीला उराशी धरलं. ओरडली असती तर परवडलं असतं. मुंगीला एक उलटी झाली, मग झोपली, आणि संध्याकाळी उठून ब्रेड मागितला. तेव्हा कुठे तिची आई माझ्याकडे वळली. "ते कुंपण आहे तोवर माझी मुलगी तुमच्या अंगणात पाय ठेवणार नाही."

तिचं काही चुकलं नाही. पण कुंपण काढलं तर पलीकडे रस्ता आहे आणि रस्त्यावर दिवसभर ट्रक. उघड्या अंगणाला पाळणाघराचा परवाना मिळत नाही. म्हणजे ठेवलं तर विषाची भीती, काढलं तर ट्रकची. इकडे आड तिकडे विहीर. पाहणी करणारे साहेब महिनाअखेर येणार आहेत. त्यांना झुडपांचं नाव आणि ती धोक्याची नाहीत हे जाणकाराकडून लिहून हवंय. या गावात माझ्या ओळखीचं तसं कुणी नाही. दुसऱ्या गावात एक आहे, ती तू.

दोन फांद्या पाठवतेय, कागदात दाबून. एक घराकडच्या टोकाची, एक रस्त्याकडच्या. रस्त्याकडची तोडताना बोटाला चांगलंच टोचलं. वाळकी काडी असेल.

लवकर लिही. सध्या मुलं घरातच कोंडून ठेवली आहेत आणि ती घर पाडायच्या बेतात आहेत. निकडीचं असलं तर कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात फोन करून निरोप ठेव. माझा फोन अजून अर्जावरच आहे.

तुझी
खारू


१५ सप्टेंबर

चि. खारू,

अक्षर वेगळं दिसेल, दचकू नकोस. माझं मनगट धरलंय, म्हणून माझी भाडेकरीण लिहून देतेय. ती शिवणकाम करते आणि अक्षरही टाके घातल्यासारखं काढते. (हे वाक्य लिहायला ती तयार नव्हती. मी भाडं वाढवीन म्हटलं.)

फांदी मिळाली. तुझं कुंपण डॉगवूडचं आहे. नावात कुत्रा आहे म्हणून चावेल असं समजू नकोस.

आता नीट वाच, म्हणजे पुढच्या वेळी कुठल्या डॉक्टरसमोर मान खाली घालायला नको. डॉगवूडचं घराणं मोठं आहे. कुणी उंच झाड होतं, कुणी कमरेएवढं झुडूप. एकाला वसंतात चार पांढऱ्या पाकळ्या येतात, आणि त्या मुळात पाकळ्या नसतातच. पानंच नटून बसलेली असतात, खरी फुलं मधल्या बुंदक्यात. एकाच्या फांद्या हिवाळ्यात लालभडक होतात. एकाला पानं फुटायच्या आधीच पिवळी फुलं येतात आणि मग लांबट लाल फळं, त्यांचा मुरंबा होतो. इतकी सगळी वेगवेगळी मंडळी, पण घराण्याचं नाक सगळ्यांना सारखं.

ते नाक म्हणजे पानाच्या शिरा. मधल्या शिरेतून बाजूच्या शिरा निघतात, पण सरळ जाऊन कडेवर थडकत नाहीत. कडेजवळ आल्या की वळतात आणि कडेचा हात धरून टोकाकडे जातात. शिवाय पानं समोरासमोर, जोडीजोडीनं येतात. या घराण्यात एखाद-दुसरा एकाआड एक पानं काढणाराही आहे, पण असा एक कुठल्या घरात नसतो? आणि पानाची कड गुळगुळीत, तिला दात नसतात.

खात्री हवी असेल तर ताजं पान घे, आडवं मोडून दोन्ही भाग अगदी हळू लांब कर. शिरांमधून कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे निघतील आणि खालचा अर्धा भाग त्या धाग्यांवर लोंबकळत राहील. मी उद्यानात लोकांना झाडं दाखवायला न्यायची तेव्हा हे शेवटी करायची. मोठी माणसंही "पुन्हा, पुन्हा" म्हणायची.

तुझ्या पानाच्या शिरा बरोबर वळल्या आहेत, जोड्या बरोबर आहेत, कड गुळगुळीत आहे. फळ काळं म्हणतेस, तेही जुळतं. चवीला अगदी वाईट असतं. जास्त खाल्लं तर पोट कुरकुरतं, पण जिवावरचं नाही. उलटी करून वर ब्रेड मागणाऱ्या पोरीनं ते तुला सांगितलंच आहे. याच्यासारखी दिसणारी काही सोंगं असतात, पण ती तुझ्या कुंपणात नाहीत, तेव्हा तुझं डोकं कशाला भरू?

साहेबांना द्यायचा कागद सोबत आहे. खाली सही माझी आहे, वाकडी आली आहे. मनगट.

आत्या


२१ सप्टेंबर

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून मी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसले आणि भिंतीला डोकं टेकून नुसती स्वास घेत राहिले. छातीवरचा दगड उतरला.

कागद कार्यालयात देऊन आले. मुंगीच्या आईलाही तुझं पत्र वाचायला दिलं. तिनं दोनदा वाचलं, घडी घातली आणि विचारलं, "तुमच्या आत्यांनी दोन्ही फांद्या पाहिल्या ना? पत्रात एकीचंच आहे."

मी म्हटलं, "माझी आत्या एका पानावरून झाडाचं सात पिढ्यांचं कूळ सांगते."

तिला किती पटलं कोण जाणे, पण सोमवारपासून मुंगीला पाठवते म्हणाली. सोमवारीच पाहणी आहे. सकाळी अंगण उघडणार. मुलांना सांगितलंय, तेव्हापासून ती दाराला नाकं लावून उभी आहेत.

पान फाडून बघायला अजून सवड झाली नाही. तू सांगितलंस म्हणजे झालं.

एक विचारू? पत्र जरा घाईचं वाटलं. नेहमी तू माझ्या शुद्धलेखनाच्या चुका काढतेस, या वेळी एकही नाही. माझ्यावर रागावलीस का? मुलीकडे लक्ष नव्हतं म्हणून? रागावली असशील तर स्पष्ट लिही. तुझा राग सोसायची मला सवय आहे, तुझ्या गप्प बसण्याची नाही.

मनगट शेकत जा.

खारू


२५ सप्टेंबर
(तातडीची डाक)

खारू,

अंगण उघडू नकोस.

हे मी स्वतः लिहितेय, जाड पेननं, ओळी एकमेकींवर चढल्या असतील. भाडेकरीण फोन करायला पोस्टात गेली आहे, तुझ्या औषधवाल्याकडे निरोप ठेवेल. तो मिळाला तरी कारण तुला कळायला हवं.

माझ्या मनगटाला काही झालेलं नाही. मला दिसत नाही. दीड वर्षापासून सगळ्यावर धुकं आहे आणि ते दाट होत चाललंय. तुझी पत्रं मला वाचून दाखवतात. तुझ्या चुका मी आता काढणार कशी?

तुझी फांदी मी पाहिली नाही, चाचपली. शिरा बोटाला कळतात, कडही कळते. ते पान डॉगवूडचंच होतं, त्यावर मी आजही सही करीन. पण तू दोन लिहिल्या होत्यास आणि मी एकच फांदी चाचपली. दुसरी पाकिटातून निसटून शिवणाच्या कपड्यांत गेली होती. आज ती कपडे उचलताना सापडली. हिच्याही शिरा वळलेल्या आहेत, फसावं इतक्या. पण कडेवरून बोट फिरवलं तर बारीक करवत लागली, आणि काडीच्या टोकाला काटा आहे. भाडेकरणीनं भिंगातून बघून तेच सांगितलं. हा बकथॉर्न आहे. मी ज्याला सोंग म्हटलं, तोच. याचीही फळं काळी. पण ती मुलांच्या पोटात गेली तर एका उलटीवर भागायचं नाही, जुलाब लागून पोर गळून जाईल.

तू पहिल्याच पत्रात लिहिलं होतंस की बोटाला टोचलं. डॉगवूड टोचत नाही. मी ते ऐकलं आणि सोडून दिलं, कारण मला लवकर उत्तर द्यायचं होतं. आत्याला अजून सगळं येतं असं तुला वाटावं म्हणून.

सगळ्या कुंपणाची पानं फाडून बघ. माझ्या सहीवर जाऊ नकोस.

आत्या

तुझ्यावर मी रागावले नव्हते.


२९ सप्टेंबर

आत्या ग,

सगळं सुरळीत झालंय. मुलं धडधाकट आहेत, परवाना मिळाला, आणि मी कालपासून मधेच आपली आपण हसतेय. आता कसं झालं ते ऐक.

शनिवारी संध्याकाळी औषधाच्या दुकानातल्या माणसानं चिठ्ठी आणून दिली. तुझ्या भाडेकरणीनं फोनवर सांगितलं असणार, "आत्या म्हणतात अंगण बंद, ताबडतोब." लाइन खरखरत होती म्हणे. त्यानं लिहिलं होतं, "आत्यांचं अंग बंद. ताबडतोब."

मला वाटलं तुझं अंग लुळं पडलं. मनगटापासून सुरुवात झालीच होती, नाही का? रविवारी तुझ्याकडे यायला बस नसते, म्हणून सोमवारची सकाळची धरायची ठरवली. रविवारी घरोघर जाऊन सांगून आले की उद्या पाळणाघर बंद, आत्याला अर्धांगवायू झालाय. लोकांनी किती हळहळ केली म्हणून सांगू! एका आजोबांनी तर तुझ्यासाठी काठी देऊ केली.

सोमवारी बॅग घेऊन स्टॉपवर उभी होते, तेवढ्यात पोस्टमन सायकलवरून ओरडला, "तातडीचं आहे!" पाकिटावर तुझं ते भलं मोठं, उतरत गेलेलं अक्षर. ज्याचं अंग लुळं पडलंय त्या माणसाचं अक्षर! तिथेच फोडलं. पहिल्या ओळीला हसू आलं, कारण तू हिंडतेफिरतेस हे कळलं. मग पुढचं वाचलं आणि रडू आलं. बस येऊन थांबली. ड्रायव्हर म्हणाला, "बाई, चढताय की रडताय?" मी म्हटलं, "रडतेय, तुम्ही व्हा पुढे."

घरी आले तर पाहणीचे साहेब फाटकाशी उभे. त्यांना बंदचा निरोप कोण देणार? त्यांच्या शेजारी मुंगीची आई. ती तुझी चौकशी करायला आली होती, आणि अर्धांगवायू झालेल्याला कसं उठवायचं-बसवायचं ते मला समजावून सांगणार होती. मी तिला म्हटलं, आत्याचं अंग ठीक आहे, कुंपणाचं नाही.

मग मी मुकाट्यानं घराकडच्या टोकापासून सुरुवात केली. पान तोडलं, आडवं मोडलं, हळू लांब केलं. आत्या, धागे आले! इतके बारीक की उन्हात धरल्यावर दिसले. खालचा अर्धा भाग हवेत झुलत होता. साहेब म्हणाले, "ही हातचलाखी आहे का?" मी त्यांच्या हातात पान दिलं. त्यांनी एक फाडलं, दुसरं फाडलं. फाइल काखेत, चष्मा कपाळावर, आणि चेहरा अगदी माझ्या पाळणाघरातल्यासारखा. पुढच्या प्रत्येक झुडपाचं पान त्यांनीच फाडलं, मला हात लावू दिला नाही.

रस्त्याकडच्या टोकाला त्यांनी एक पान मोडलं आणि अर्धं पान सरळ खाली पडलं. त्यांना वाटलं आपल्याकडून जोर लागला. दुसरं घेतलं, तेही पडलं. मग मी कडेवरून बोट फिरवलं. करवत. टोकाला काटा. माझ्या बोटाला टोचलं होतं ते इथेच.

साहेबांनी फाइल उघडली. "तुमच्या कागदावर तर सगळं कुंपण डॉगवूडचं लिहिलंय."

पण तू एवढं खरं लिहिल्यावर मी काय खोटं बोलणार? म्हटलं, "तो कागद चुकला आहे. लिहिणाऱ्यांनीच तातडीनं कळवलं. म्हणून आज अंगण बंद आहे." आणि तुझं पत्र त्यांना दिलं.

त्यांनी ते सगळं वाचलं. डोळ्यांचा भाग आला तेव्हा त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला. मग कागद फाइलमधून काढून मला परत दिला. "आपला कागद चुकला असं आपल्या तोंडानं सांगणारं पाळणाघर मी पहिल्यांदाच पाहतोय," म्हणाले. शेवटी तीन झुडपं बकथॉर्नची निघाली. ती मुळासकट काढायची, मधल्या फटीला फळ्या ठोकायच्या, आणि फळांच्या दिवसांत कुंपणाच्या आतून जाळी लावायची, एवढ्यावर सही झाली.

मी कुदळ आणली. मुंगीची आई म्हणाली, "द्या इकडे, कुदळ अशी धरत नाहीत." काय खणलं तिनं! दोन तासांत तिन्ही बाहेर. घाम पुसत म्हणाली, "उद्या सोडते तिला." मी म्हटलं, "खरंच?" तर म्हणाली, "चूक झाल्यावर तुमच्या आत्या गप्प बसल्या नाहीत. मला तेवढं पुरे."

आज सकाळी मुंगी आली. आल्या आल्या वाळू खाल्ली.

आता तुझ्याबद्दल. दीड वर्ष, आत्या! डॉक्टरांना दाखवलंस का? मुंगीची आई म्हणते, हळूहळू धुकं दाट होत जाणं म्हणजे दहा गोष्टी असू शकतात आणि त्यातल्या कितीतरी बऱ्या होतात. तुझं मला माहीत आहे. आजीच्या डोळ्यांचं जे झालं तेच आपलं, असं तू ठरवून टाकलं असशील. मी त्या झुडपांना नाव न विचारता वर्षभर त्यांच्या शेजारी राहिले. तू वेगळं काय करतेयस? आधी विचार तरी, काय आहे ते. बाकी सगळं मग.

मी येऊ का?

खारू


१६ ऑक्टोबर

खारूताई यांस नमस्कार.

मी तुमच्या आत्याबाईंची भाडेकरीण. तुम्हाला माझं अक्षर माहीत आहे, मी माहीत नाही. आज बाई मला काही सांगत नाहीयेत, मी माझ्या मनानं लिहितेय. त्या आत पडून गाणी ऐकतायत.

तुमचं पत्र मी त्यांना वाचून दाखवलं. बसच्या ड्रायव्हरपाशी त्या पोट धरून हसल्या. पण "आधी विचार तरी" इथे आले तर म्हणाल्या, "मागचं वाक्य पुन्हा वाच." मी वाचलं. "पुन्हा." मी पुन्हा वाचलं. मग त्या उठून गेल्या आणि दिवसभर माझ्याशी बोलल्या नाहीत. मला वाटलं आता मलाच घर बदलावं लागतंय. जेवताना एकदम म्हणाल्या, "उद्या सकाळी तुला शिवण आहे का?"

गेलो. जाताना त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला होता की वळ उठला. वाटेत मला सांगत होत्या, त्यांच्या आईचे डोळे गेले तेव्हा डॉक्टरांनी कसे हात टेकले, घरातलं सामान मग कुणी कधी हलवलं नाही, वगैरे. मी नुसतं हं हं करत होते.

डॉक्टरीणबाई तरुण आहेत. त्यांनी दिवा लावून पाहिलं, थेंब घातले, पुन्हा पाहिलं. मग म्हणाल्या, "मोतीबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. इतका पिकेपर्यंत का थांबलात?"

बाईंनी विचारलं, "आणि त्याच्या मागे?"

"मागे सगळं चांगलं आहे."

"नीट बघा."

"नीटच बघितलं, आजी."

ताई, त्यांना आजी म्हटलेलं बिलकूल चालत नाही. पण त्या दिवशी चाललं. खुर्चीतच हसायला लागल्या. थांबेनात. डॉक्टरीणबाई घाबरून माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, हसू द्या त्यांना.

परवा एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. चांगलं झालं म्हणतात. उद्या पट्टी काढतील. बाईंनी बजावलं होतं की खारूला आत्ता कळवू नकोस, ती पोरं टाकून धावत येईल आणि तिची घडी नुकतीच बसली आहे. म्हणून मी सगळं होईपर्यंत थांबले. पण पट्टी निघेपर्यंत काही थांबवलं नाही.

तुम्ही येऊ नका. मी आहे.

भाडेकरीण


४ फेब्रुवारी

चि. खारू,

हे अक्षर माझं. ओळी सरळ आहेत की नाहीत ते आता मला दिसतं, आणि आहेत.

दुसऱ्या डोळ्याचंही झालं, हे तुला कळलंच आहे. तुझी फळं आली, काठीही आली. त्या आजोबांना माझा नमस्कार सांग. काठीनं माळ्यावरचे डबे काढते.

पहिली पट्टी निघाली तेव्हा समोर एक मुलगी उभी होती. नाकावर ठिपके, केस आखूड, दातात सुई धरायची सवय असावी तसा ओठ दुमडलेला. मी विचारलं, "तुम्ही कोण?" तर ती रडायला लागली. माझी भाडेकरीण! माझ्याकडे राहायला आली तेव्हाच डोळ्यांवर धुकं होतं, त्यामुळे तिचा चेहरा मी कधी पाहिलाच नव्हता. मी मनात तिला पन्नाशीची करून ठेवलं होतं. ती तिशीची आहे. मग घरी येऊन आरशात पाहिलं. त्याबद्दल आज नको.

घराच्या भिंती कळकट आहेत हे मला कुणी सांगितलं नाही. त्या आता रंगवून झाल्या.

काल दोघी उद्यानात गेलो. पायवाटेच्या वळणावर मोठ्या पांढऱ्या डॉगवूडखाली बाक आहे, तिथे बसलो. झाडावर एक पान नाही. भाडेकरीण म्हणाली, "हे वाळलं वाटतं." मी म्हटलं, नीट बघ. फांदी फांदीच्या टोकाला एक एक करडं बटण बसलेलं होतं, चपटं, घट्ट मिटलेलं. ती वसंताची फुलं आहेत. मागच्या शरदातच तयार करून ठेवलेली असतात. पानं गेली तरी हे झाड त्या बटणांवरून ओळखता येतं, हे मी लोकांना कित्येक वर्षं सांगत आले. या वेळी मात्र मी ती मोजत बसले. खालपासून मोजायला लागले आणि वरच्या फांदीपर्यंत गेले. वरची फांदी, खारू! मला वरच्या फांदीवरचं बटण दिसत होतं. भाडेकरीण म्हणाली, "चला आता, थंडी वाजतेय." मी म्हटलं, "तू जा." ती गेली नाही.

तुझी जुनी पत्रं काढून वाचली. शुद्धलेखन भयंकर आहे. सगळ्या चुका लाल पेननं खुणा करून परत पाठवतेय. एक मात्र खोडली नाही. "श्वास" तू एका ठिकाणी "स्वास" लिहिलाय. किती घाबरली होतीस ते त्यावरून कळलं.

येत्या शनिवारच्या बसनं येतेय. बसची वेळ स्टँडवरच्या फळ्यावर मी स्वतः वाचली, आणि शेजारच्या माणसालाही वाचून दाखवली. त्याला नको होती.

आता एक ऐक. मागच्या वर्षी तू आली होतीस तेव्हा दार उघडल्यावर मी तुला आवाजावरून ओळखलं होतं. तू बोलली नसतीस तर मला कळलं नसतं समोर कोण आहे. तुला ते जाणवू दिलं नाही, पण तू गेल्यावर मी बराच वेळ दाराशी बसून होते.

म्हणून शनिवारी बस आली की धावत येऊ नकोस. हाक मारू नकोस. हातही हलवू नकोस. माणसांत नुसती उभी राहा.

मला तुला लांबून ओळखायचंय.

आत्या